आवरलेली खोली

ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी मजेत आहे, जेवतोय वेळेवर. माझ्या खोलीला आई पसारा म्हणते, तू उकिरडा. इथेही तीच तऱ्हा. पण काल गॅरेजमधून आलो तर अंथरुणाची घडी, कपडे रचलेले! घरमालकीणबाई म्हणाल्या, "तुझा मोठा भाऊ आवरून गेला. किती टापटीप माणूस!"

मला कुठला गं मोठा भाऊ? जिच्यापायी कॉलेज सोडलं, तिचा उशीखालचा फोटो तेवढा गेलाय. तिचा थोरला भाऊच असणार. "कुठेही जा, शोधून काढीन," म्हणाला होता. समोर येऊ दे, बघतोच त्याला! पण दाराला आतून कडी घालूनच लिहितोय.

ताई, इथला पत्ता फक्त तुला माहीत होता. तो तुझ्याकडे आला होता का? तुला काही केलं नाही ना? आधी तेवढं कळव.

तुझाच,
तापट