काकांच्या मापात पाप

ता. ९ मार्च, सोमवार

चि. पिटुकलीस,

मावशीचे पोतंभर आशीर्वाद आणि एक गालगुच्चा. इकडे आम्ही दोघं मजेत. तुझे काका दुकानात लोकांच्या पँटी उसवतायत आणि मी खिडकीत बसून तुला लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय दिसेल, पण पेन बदललंय, म्हणून. हसू नकोस.

हसले तर मी, तुझं पत्र वाचून. अगं, पातेलं काठोकाठ पालकानं भरलेलं बघून त्या मापानं मीठ घातलंस होय? पालेभाजी ती! शिजली की बसते खाली, आणि मीठ मात्र तेवढंच राहतं. मीठ पाला बसल्यावर घालायचं हे शंभरदा सांगितलंय, पण तेव्हा बाईसाहेबांचं लक्ष फक्त ताटात. आणि वर मलाच दम देतेस, "मावशी, पाच मुठी पालक म्हणजे किती ते ग्रॅममध्ये सांग, माझी मूठ तुझ्यासारखी नाही."

विचारलंस महिन्याभरापूर्वी आणि उत्तर आज येतंय. का, ते सांगते. जरा दमानं घे.

तुझं पत्र काकांनी वाचलं आणि त्याच संध्याकाळी वजनकाटा घेऊन आले. शिंपी माणूस, मापाचं नाव काढलं की यांच्या अंगात येतं! पालक निवडून, धुऊन माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "घे, टाक पाच मुठी."

मी म्हटलं, "तुम्हीच टाका."

"माझ्या मुठीची भाजी तिनं मागितलेली नाही."

आता सांगूनच टाकते. थंडीत स्टुलावर चढून बरणी काढायला गेले आणि आपटले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वापराल तरच मिटतील. त्यांनी पिळायला रबरी चेंडू दिला, तो मी ड्रॉवरमध्ये कोंबला. तुला कळवलं नाही, कारण नवी नोकरी टाकून धावत आली असतीस. आणि खरं सांगू? घाबरले होते गं. ज्या हातानं जन्मभर काज-बटणं केली, तुझ्या वेण्या घातल्या, तो नुसता मांडीवर पडलेला बघवत नव्हतं. दिवसच्या दिवस या खिडकीत बसून काढले. स्वयंपाक काका करायचे. तो कसा व्हायचा ते विचारू नकोस, शत्रूवर वेळ येऊ नये.

तर त्या संध्याकाळी टाकल्या पाच मुठी. अर्धी पानं खाली सांडली. काट्यावर आले जेमतेम सत्तर ग्रॅम. काका म्हणाले, "वा!" मग त्यांच्याच लक्षात आलं की पानं ओली आहेत, म्हणजे त्यातलं बरंचसं पाणीच. मी तिथंच रडायला लागले. तुला द्यायला माझ्याकडे मापच उरलं नव्हतं.

काकांनी सांडलेली पानं गोळा केली. मग म्हणाले, "मूठ राहू दे. तुझ्या भाजीची चव माझ्या जिभेला पाठ आहे. लसूण ठरलेला, मीठ ठरलेलं. पालक तेवढा रोज कमी-जास्त करू. मी खाऊन सांगतो. पानं मात्र तुझ्या हातानंच पडली पाहिजेत, उजव्या. नाहीतर चव माझी यायची."

झालं, रोज पालक! रोज मी चिमटीचिमटीनं पानं काट्यावर टाकायची, मग धुवायची, शिजवायची, आणि यांनी डोळे मिटून घास चघळायचा. "अंहं. जवळ आलीस, पण ती नव्हे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाजीवालीनं शेवटी विचारलं, "ताई, घरात ससे पाळलेत का?" मी म्हटलं, एकच आहे, पण टेप गळ्यात घालून फिरतो.

परवा मला संशय आला. भाजी जमली नाही म्हणणारा माणूस पातेलं पावानं पुसून खातोय! म्हणून काल मी मुद्दाम लसूणच घातला नाही. एक पाकळीसुद्धा नाही. साहेबांनी डोळे मिटले, घास चघळला आणि म्हणाले, "अंहं. किंचित पालक कमी पडतोय."

लसणाचा पत्ता नाही आणि यांना पालक कमी!

"गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या करता, तेच माझ्याशी चालवलंय होय?" मी कडाडले. तेव्हा कुठे कबूल झाले. माप त्यांना पहिल्या आठवड्यातच सापडलं होतं. "पण सांगितलं असतं तर तू परत खिडकीत जाऊन बसली असतीस," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ओट्यावरची पालकाची जुडी उचलली, यांच्या पाठीत घालायला. तर हे हसतायत! म्हणाले, "मार, खुशाल मार. पण आधी बघ, कुठल्या हातात धरलीस."

उजव्या हातात होती गं. बोटं मिटलेली, घट्ट. एक पान खाली पडलं नव्हतं.

मग मी जुडी घातलीच पाठीत, सोडते की काय! आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. तेही रडले, पण कांद्यावर ढकलतील. कांदा चिरलेलाच नव्हता.

तर घे तुझं माप. दोनशे ग्रॅम पालक. देठ काढून, धुण्याआधी, कोरडी पानं. लसणाच्या सहा पाकळ्या. मीठ पाला बसल्यावर, आता तरी! काटा तुझ्याकडे पाठवतोय, आमचं काम झालं. दोनशेला माझ्या आताच्या सात मुठी लागतात. पाच लागायला लागल्या की तुलाच आधी कळवीन.

आणि ते पेनाचं खोटं हं. पेन जुनंच आहे. दर चार ओळींनी थांबत, सकाळपासून हे सगळं त्याच हातानं लिहिलंय. अक्षराला हसलीस तर पुढची जुडी तुझ्या पाठीत.

तुझी,
उजव्या हाताची मावशी