मडफ्लॅप आणि नानांची सही

१४ जुलै, सोमवार
आज बिल्डिंगमधल्या नानांना आंघोळ घातली. चिखलाची. मी ऑफिसला निघालेले, सोसायटीच्या गेटबाहेरचा खड्डा चुकवायला गेले आणि दुसऱ्यात घातली गाडी. नाना रस्त्यात, पाठमोरे. मी हळूच होते, वाटलं होतील बाजूला. नाही झाले. पांढरा लेंगा पार कमरेपर्यंत.
"बाय, ही गारी हाय का भूत? आवाजच नाय!"
इलेक्ट्रिक आहे हो नाना, चुकलं, चुकलं. आणि नेमके नानाच. त्यांच्याच पार्किंगच्या भिंतीवरून माझी चार्जिंगची वायर जायची आहे. कर्म माझं.

१५ जुलै, मंगळवार
सेक्रेटरी जिन्यात भेटले. नाना वायरीसाठी सही देत नाहीत. चिखल उडवते, आवाज करत नाही, असली गाडी बिल्डिंगमध्ये नको, असं सगळ्यांना सांगतायत. बिल्डिंग त्यांच्याच भातशेतीवर उभी, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. रविवारी मीटिंग. तोवर सही नाही तर चार्जिंग पॉइंट (यापुढे चा.पॉ., दर वेळी लिहायचा कंटाळा) विसरा.
सध्या वागळे इस्टेटला ऑफिसजवळ रांग लावून चार्ज करते आणि आईला फिजिओला न्यायला दर वेळी उशीर. ती टेंभी नाक्याच्या घरी चप्पल घालून, ऑपरेशनवाला गुडघा धरून बसलेली. गाडी घेतली तीच तिच्यासाठी. चा.पॉ. नाही तर विकावी लागेल. मी नाही विकणार.
निदान चिखलाची तक्रार तरी मिटवू. मडफ्लॅप लावू, चाकांमागे रबरी पट्ट्या.

१६ जुलै, बुधवार
शोरूम: तुमच्या मॉडेलचे संपलेत, कधी येतील सांगता येत नाही. बाहेर भोकं पाडून बसवलेत तर वॉरंटी मागायला येऊ नका.
वागळेतला दुकानदार: "मॅडम, दोन भोकं मारतो, काय नाय होत." माझ्या गाडीच्या पोटाखाली बॅटरी आणि याच्या हातात ड्रिल. पळाले.
संदीप म्हणतो, रबराच्या पट्ट्यांनी नाना पाघळणार का? नवऱ्याने निदान गप्प बसावं.

१७ जुलै, गुरुवार
संध्याकाळी गेटजवळ नाना उभे. नानांचा मुलगा जितू त्याची जुनी डिझेल जीप घेऊन मागून आला. डब्यात दगड घालून हलवल्यासारखी वाजते ती. नाना हलले नाहीत. बोनेट पाठीला लागायचं तेवढं राहिलं. जितू उतरून ओरडला, "नाना, आयकू येत नसंल तर घरान बसा! उद्यापासून एकटा फिरना बंद!"
"येतं आयकू. मी इचार करत व्हतो."
म्हणजे माझ्या गाडीचा दोष नव्हताच! खरं सांगते, आधी आनंद झाला. मग नानांचा चेहरा पाहिला. भेदरलेला.
संदीप: "मग मीटिंगमध्ये सांग ना सरळ. विषय संपला." सगळ्यांसमोर? ज्यांच्या शेतावर आपण राहतो त्या माणसाला...

१८ जुलै, शुक्रवार
सकाळी नाना बाल्कनीत. जितूने खाली सोडलंच नाही.
हाफ डे, संदीपलाही घ्यायला लावला. कल्याणला मिळाले अखेर, गाडीच्या मूळच्याच स्क्रूवर बसणारे. लांब घेतले तर स्पीडब्रेकरला घासणार, आखूड घेतले तर नुसती शोभा. मधले घेतले. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, चाकाला लागत नाहीत.
येताना ठाकुर्लीत संदीपला जुनी पँट घालून डबक्याच्या जरा मागे उभा केला आणि गाडी घातली पाण्यात. गुडघ्याखाली चार थेंब. लग्नानंतर पहिल्यांदा कामाला आला.

१९ जुलै, शनिवार
नानांना खाली बोलावलं पट्ट्या बघायला. मागच्या चाकाशी वाकून चाचपत होते, पाठ माझ्याकडे. मी आत बसले आणि हॉर्न दाबला. मुद्दाम. खात्री करायची होती. वॉचमन गेटवरून धावत आला. नाना आपले पट्टीच चाचपतायत. स्वतःची लाज वाटली.
मग उठून समोर आले. "पट्ट्या बऱ्या हायेत. आता हॉर्न मार बगू."
मारला. त्यांची नजर माझ्या हातावर. हात हलला तशी मान डोलावली. "हां! आता कसा आयकू येतो. उद्या सही घे."
मिळाला चा.पॉ.! पण उड्या माराव्याशा वाटेनात.

रात्र व्हायच्या आतच जितूचा मेसेज: "वहिनी, नाना बोलतात तुमचा हॉर्न त्यांनी बरोबर आयकला. तुम्ही होता ना समोर? मग उद्या सकाळी सोडू ना एकट्याला फिरायला?"
मी वाचलेलं त्याला दिसलं असणार. "हो" लिहून खोडलं. खरं काय ते लिहिलं, तेही खोडलं.
मीटिंग अकराला. नाना सहाला निघतात.