तीन चपात्या आणि चतकोर

बाबा, परवा नातीच्या ताटात तीन चपात्या वाढल्या आणि सवयीने चौथीचा चतकोर मोडून वर ठेवला. ती म्हणाली, "आजी, हा तुकडा कशाला?" मी म्हटलं, "तीन वाढत नाहीत गं." आईने मला सांगितलं तसंच मी तिला सांगितलं. पण मग मला जेवण जाईना. चाळीस वर्षं मूग गिळून बसले आहे, आता बसवत नाही.

तुमची गिरणी बंद पडली, वर्षभर तुम्ही घाटकोपरच्या आपल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलात, आणि मग एक दिवस सांगितलंत की डोंगराजवळच्या त्या मोठ्या विद्यापीठात काम लागलं, स्टोअरात. आई पेढे घेऊन अख्ख्या चाळीत फिरली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, बाबा विद्यापीठात असतात. प्रोफेसर आहेत का, असं कुणी विचारलं की नुसती हसायचे. इतकी शहाणी होते मी.

मग आमच्या कॉलेजातून आम्हा सहा जणांना तिथली प्रयोगशाळा बघायला बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता, हे मला आज दिसतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "थंय जेवाक थांबू नको. घरचो डबो घेऊन जा. थंयचा जेवान काय बरा नाय." आईने डबा भरलाही. पण पाहुण्यांना जेवणाची कुपनं मिळणार होती, आणि चार मुलांच्या देखत बटाट्याच्या भाजीचा डबा कोण उघडणार? मी तो मोरीजवळच्या फळीवर मुद्दाम विसरले.

काय सुंदर होतं ते सगळं! दोन्ही बाजूंना गुलमोहर, सायकलवरून जाणाऱ्या मुली, पुस्तकं काढायला शिडी लागेल इतकी उंच कपाटं. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत खिडकीतून हात घालून चिठ्ठी द्यावी लागायची, इथे मुलं कपाटांमधून खुशाल हिंडत होती. मी मनात ठरवूनही टाकलं, की एम.एस्सी.ला इथेच यायचं, आणि तुमच्याबरोबर सकाळच्या बसने यायचं.

जेवणाचा हॉल लांबलचक. खणांची स्टीलची ताटं हातात घेऊन आम्ही रांगेत उभे होतो. पुढचा एक मुलगा कुरकुरत होता, "यार, रोज तीच डाळ. वाट लागली पोटाची." मी पुढे वाकून बघितलं आणि काउंटरपलीकडे तुम्ही दिसलात. पांढरी टोपी, पांढरा एप्रन, पत्र्याच्या डब्यातून चिमट्याने चपात्या काढून देणारे. घरी पाण्याचा तांब्याही स्वतः न उचलणारे तुम्ही! माझ्यामागे उभी असलेली मैत्रीण तेवढ्यात म्हणाली, "ए, तुझे बाबा कुठल्या डिपार्टमेंटला? चल ना, जेवून भेटू त्यांना." तुमच्या-माझ्यामध्ये तेव्हा दोनच मुलं उरली होती. मी म्हटलं, "ते आज रजेवर आहेत." पुरेसं मोठ्याने म्हटलं.

तुम्ही ऐकलंत. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "मॅडम, चपाती." प्रत्येकाला तीनच द्यायचा तिथला नियम. तीन दिल्यात, आणि मग चिमटा बाजूला ठेवून, हाताने एका चपातीचा चतकोर मोडून माझ्या ताटात ठेवलात. मैत्रीण हसली, "काका तुझ्यावर खूश दिसतायत!" मी तो चतकोर ताटाच्या कडेला सारला. बाकी सगळं जेवले, तो तेवढा पानात टाकला. मला तुमची लाज वाटली, बाबा. दुसरा शब्द नाही त्याला. जेवून उठलो तेव्हा चपात्या वाढायला काउंटरवर दुसराच माणूस होता. उष्टी ताटं द्यायला भिंतीत एक खिडकी होती. तिथे ताट ठेवलं, आणि आतून ते ओढून घेणाऱ्या हातावर, मनगटापाशी, गिरणीत भाजल्याचा डाग होता. पट्ट्यासारखा, लांब. तो डाग मी लहानपणापासून बोटाने मोजत आले होते.

संध्याकाळी तुम्ही नेहमीच्या वेळेला आलात. आईने विचारलं, "चेडू आज तुमच्याकडे इल्ला. गावला नाय तुमका?" तुम्ही म्हणालात, "नाय. मी आत होतंय, स्टोअरात." जेवायला बसलो. आईने माझ्या ताटात तीन चपात्या घातल्या आणि चौथी मोडायला घेतली, तेव्हा तुम्ही तिला थांबवलंत. "चेडवाक चतकोर नको घालू."

"कित्याक?"

"पानात टाकता."

आवाजात राग नव्हता. पोरीला कारलं आवडत नाही, असं सांगावं तसं सांगितलंत. आणि मग तुमच्या ताटातली अख्खी चपाती उचलून माझ्या ताटात ठेवलीत, म्हणजे तीन नकोत. मी खाली मान घालून जेवत राहिले. तुम्ही रागावायला हवं होतं, बाबा. एक थोबाडीत दिली असतीत तर मी रडून मोकळी झाले असते.

एम.एस्सी.ला मी तिथे गेले नाही. लांब पडतं, म्हणाले. तीन वर्षांनी, एका दुपारी, कामावर असतानाच तुम्ही गेलात. दोन माणसं तुमची पिशवी घेऊन घरी आली. आईने त्यातली पांढरी टोपी बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली, आणि मला विचारलं, "तुका म्हायत होता?" मी म्हटलं, "नाही." एकदा तुमच्यासमोर खोटं बोलले होते, दुसऱ्यांदा तुमच्यामागे. आईही गेली आता, तिलाही सांगायचं राहिलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. टोपी कपाटात आहे, तिच्या घडीत ठेवीन. फक्त एक सांगते. त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. त्या तीन चपात्यांनी माझं पोट भरलं नव्हतं, बाबा. तो चतकोर मला हवा होता.