पेटीपुढचा दिवा

आदरणीय बिशपस्वामींना,

मुरुडच्या सालोमीबाईचा जय येशू. भूकंपानंतर आम्ही हातानं उभारलेल्या पत्र्याच्या चॅपलात दिवा लावते, ती मी. त्या जागेवर तुम्हाला क्लासच्या पोरांचं होस्टेल पाहिजे. आम्ही न्हाई म्हणलो, तेव्हापासून रविवारची मिस्सा-उपासना बंद हाय. ‘फादर आजारी हायत’ असं तुमच्याकडून कळलं. आजारी माणूस मला लातुरात फटफटीवर दिसला!

म्हणून काल मी वेदीवरची पेटी उघडली. आजवर तिला कधी हात लावला नव्हता. आत ख्रिस्तप्रसाद, म्हंजे भाकरीच्या रूपातला येशू, असला तरच पेटीपुढं दिवा ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलं. पेटी रिकामी होती. तुम्ही कोणाला न सांगता प्रसाद नेला, अन् आम्ही रिकाम्या पेटीपुढं गुडघे टेकून राहिलो.

आज सगळ्यांना सांगणार होते. पण म्हातारी रिबेकाकाकू दिव्याकडं बघून म्हणली, “देव आत बसलाय तवर चॅपल कोण पाडतंय?” मी गुमान तेल घातलं.

हे पत्र पाठवलं तर तुम्ही दिवा विझवायला लावाल. म्हणून पाठवत न्हाई.

तुम्ही आम्हाला एकदाच फसवलं. मी माझ्याच माणसांना रोज फसवणार हाय.

तुमच्याच चॅपलातली,
सालोमी