टाकावरचे कुंकू

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८०३

रा. रा. भिवाशेट यांस,
काळुरामचा सा. न. वि. वि.

इकडे ठीक. आबांचा खोकला उतरला, पण श्रावणात कमळा गेल्यापासून घरात कोणी फारसे बोलत नाही. मी शाळा सुटल्यावर येतो, दोघे जेवतो, एवढेच.

माजिवड्याची मुलगी ठरल्याचे कळले. घरात लहान पोर आहे, तेव्हा दुसरे लग्न करू नका असे मी म्हणणार नाही. परंतु आमच्या शेजारच्या ठमाबाई आपल्याकडे येऊन गेल्या. त्या सांगतात की बहिणीची सोन्याची सरी आपल्या कामाच्या पाटावर होती आणि तिचे एक टोक कापलेले होते. त्यांनी विचारताच आपण ती फडक्याखाली सारली व पानाचे तबक पुढे केले. आबांनी ती सरी स्वतःच्या हाताने घडवून कमळाच्या गळ्यात घातली होती. आता ती तिच्या लेकीची, गोदाची. नव्या बाईच्या दागिन्याला आपल्या दुकानात दुसरे सोने नसेल असे वाटत नाही.

शनिवारी ठमाबाई येतील. गोदाला आणि सरीला त्यांच्याबरोबर पाठवावे. पोरगी यापुढे मामाकडे राहील. लिहिणे कडू झाले, तरी आपले प्रेम कमी होऊ नये.

काळुराम


ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध ६

ती. काळुरामदादा यांस,
भिवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. ठमाबाईंची नजर आमच्या कसोटीच्या दगडाहून बारीक आहे. त्यांना दुकानात बसवले तर माझे निम्मे काम हलके होईल.

सरी कापली हे खरे. दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते, ही आपल्यातली रीत. तो टाक कमळाच्याच सोन्याचा असावा असे मनात होते. पत्र्यावर तिची मूर्ती खोदली, लुगड्यात हिरवा मिना भरला आणि भट्टीत धरला. हिरवा छान बसला. कपाळाचे कुंकू शेवटी ठेवले होते, कारण तांबड्याला फार आच सोसत नाही. ते काळे पडले. खरवडून पुन्हा भरले, पुन्हा तसेच. दादा, ती सवाष्ण गेली. तिच्या कपाळी काळे कसे ठेवू?

तांबडा मिना चोख सोन्यावरच खुलतो. सरीत तांबे बरेच आहे. लग्न झाल्यावर लगेच मी ती कसाला लावून पाहिली होती. घडण इतकी सुबक होती की तेव्हा बोलायचे धाडस झाले नाही. ठमाबाईंपुढे झाकली तीही याचसाठी, कारण त्यांना कळले म्हणजे कल्याणला कळले. आता माझ्या अंगठीच्या सोन्याचा टाक करतो आहे. बिघडलेला आटवून सरीला जोडीन.

सरी खुशाल न्या. गोदाला नेऊ नका. ती गेली तर या घरात कमळाची आठवण काढणारे माझ्याशिवाय कोणी राहणार नाही. वडीलकीची माया असू द्यावी.

भिवा


कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध १०

रा. रा. भिवाशेट यांस,
काळुरामचा सा. न. वि. वि.

ठमाबाई येणार नाहीत. त्यांना तसे सांगितल्यावर, मास्तर, तुम्हाला तुमच्याच बहिणीचे काही नाही, असे म्हणून त्या गेल्या. गोदाला आपल्याजवळ राहू द्या. सरीही तिथेच असू द्या.

आपले पत्र मला खरे वाटले नव्हते. सोनार मागाहूनही तांबे मिसळू शकतो, इतके शाळामास्तराला समजते. म्हणून ते घेऊन आबांकडे गेलो. ऐकून ते भडकतील आणि लगेच ठाण्याची गाडी धरतील, अशी माझी खात्री होती.

सगळे पत्र मोठ्याने वाचले. तांब्याचा मजकूर आला तरी ते भडकले नाहीत. जावई खोटे बोलतो असे म्हणाले नाहीत, किती तांबे हेही विचारले नाही. वाचून संपले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की कमळाला हे कळले होते का.

मी नाही म्हणून सांगितले. आपले उत्तर वेगळे असले, तरी पत्रात तेच लिहावे. पत्र मी त्यांनाच वाचून दाखवणार आहे.

आपला स्नेह आहे तसा राहावा.

काळुराम