टीचभर पायऱ्या

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
हिप्पळवाडी,
ता. २०-२-१९८३

ती. सौ. शांताक्का यांस,
तुमची भावजय नीलम्मा हिचा शि. सा. शरणार्थ. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दाजींचा खोकला उतरला हे वाचून जिवाला बरं वाटलं. तुमचं पत्र मी आता एकटीच वाचते. एका पानाला अर्धा तास जातो. हे होते तोवर मला अक्षराची गरज पडली नाही. ते वाचायचे, मी भाकरी थापत ऐकायची. ते गेल्यावर तुमचं पहिलं पत्र आठ दिवस भिंतीतल्या देवळीत तसंच पडून राहिलं, तेव्हा मी पाटी हातात घेतली.

इकडे पाण्याचे हाल आहेत. विहिरीत घागर बुडत नाही, वाटीनं भरावी लागते. शेजारची मल्लम्मा म्हणते, जिल्हा जवळ आला नि पाणी लांब गेलं. तुम्ही पत्त्यावर अजून उस्मानाबादच लिहिता. आता आपला जिल्हा लातूर झाला, तेच लिहीत जा.

पाऊस पडला तर पाणी अडावं म्हणून गावानं ओढ्यावर बंधारा घालायचं ठरवलंय. दगड कमी पडतात. बंधाऱ्याचं काम बघणारे अण्णाराव घरी येऊन म्हणाले की महादेवाच्या डोंगराला मागच्या बाजूनं सडक मंजूर झाली, आता पाऊलवाट कोण तुडवणार? पहिल्या चढणीचे दगड चांगले घडीव आहेत, पण तो हिस्सा दुरुस्तीला तुमच्या घराकडं, तुमच्या शब्दाशिवाय हात लावणार नाही, असंही म्हणाले. मी म्हटलं, न्या. येत्या आठ तारखेला गाड्या लागतील.

आपल्या घराचा तेवढा हिस्सा असून मी तो एकदाही बघितला नाही. दर फाल्गुनात घरटी एक माणूस वाट दुरुस्त करायला तीन दिवस डोंगरात राहायचं. हे जायचे ते माझा भाकरीचा पाट घेऊन. गुडघा दुमडत नाही म्हणून माझ्यासाठीच सुताराकडून उंच करून घेतलेला पाट, आणि तोच न्यायचा. तीन दिवस मी पाय लांब करून भुईवर बसायची. माणसं घाम गाळतात नि तुम्ही पाटलासारखे पाटावर बसता का, असं मी विचारायची. हसायचे नुसते. आता त्याचंही हसू येतं.

दाजींना शरणार्थ. माझ्यावर माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची,
नीलम्मा

*

॥ श्री ॥
बिलोली,
ता. २६-२-८३

गं. भा. नीलम्मा हिस,
शांताक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हाती पडलं आणि चुलीवरचं तसंच टाकून लिहायला बसले. हे पत्र मिळताच असशील त्या पावली अण्णारावांना निरोप धाड. त्या दगडांना हात लावू देऊ नकोस.

माझ्या भावानं, ईश्वरनं, मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते. तो पाटावर कधी बसला नाही. पाट त्याचं माप होतं. सून म्हणून आलीस त्याच वर्षी तू विहिरीत पडलीस आणि तुझा उजवा गुडघा कायमचा गेला. त्यानं एकदा डोंगरावर चल म्हटलं, तर तू म्हणालीस म्हणे, मला डोंगर दाखवून चिडवू नका. त्याला ते लागलं. मग एकदा त्यानं पाहिलं की फळीवरचा डबा काढायला तू त्या पाटावर पाय देतेस, कशाला न धरता. तेवढंच पाऊल तुला उचलतं हे त्याला कळलं. टीचभर.

बाकीची वाट बैल चढेल अशी आहे. अडचण फक्त पहिल्या चढणीची, आणि ती नेमकी आपल्या हिश्श्याची. तिथं पूर्वी मांडीएवढ्या उंच पायऱ्या होत्या. त्या उखडून तो दरसाल पाटाच्या मापानं नव्या बसवायचा. बावन्न लागणार होत्या. त्याच्या शेवटच्या पत्रात आहे, ते समोर घेऊन उतरवते: 'एकेचाळीस झाल्या. अकरा राहिल्या. झाल्या की तिला कुठं जायचं ते न सांगता घेऊन जाईन. तोवर बोलू नकोस, नाहीतर ती गुडघा दुखतो म्हणून आधीच नाही म्हणेल.'

तो गेल्यावर मी बोलले नाही. तुझं दुःख वाढेल असं वाटलं. दाजी म्हणतात तार कर. पण पायऱ्या उचलू नका अशी तार केली तर पोस्टात हसतील. गाड्या लागायला दहा दिवस आहेत, पत्र पोचेल. पत्ता लिहून लगेच पेटीत टाकते.

तुझी,
शांताक्का

*

हिप्पळवाडी,
ता. १४-३-८३

ती. शांताक्का यांस,
नीलम्माचा शि. सा. शरणार्थ.

तुमचं पत्र काल आलं. तुम्ही घाईत जिल्हा उस्मानाबाद लिहिलंत. ते तिकडं जाऊन आलं, शिक्का आहे. गाड्या आठ तारखेलाच लागल्या होत्या.

अक्का, मी तुमचा दोष काढत नाही. तुम्ही तीस वर्षं तोच जिल्हा लिहिला, हात आपोआप तिकडं गेला. दोष माझा आहे. मी न बघता न्या म्हणाले. एकदा जाऊन बघावं एवढंही मनात आलं नाही.

आज मल्लम्माला घेऊन पायथ्यापर्यंत गेले. दगड वरून खाली लोटले होते. गाड्या भरल्यावर थांबले, म्हणून खालच्या अकरा पायऱ्या राहिल्यात. त्याच्या वर नुसता उकरलेला मुरूम. मल्लम्मा सांगत होती की माणसं ह्यांची टिंगल करायची, ईश्वरप्पा शेळीच्या करडांसाठी पायऱ्या करतो म्हणायची. पण म्हाताऱ्या बायका नि पोटुशी पोरी आशीर्वाद देत चढायच्या. तिला वाटलं मला ठाऊक असेल. सगळ्या गावाच्या पायाखाली होतं ते, अक्का. मलाच माहीत नव्हतं.

अण्णाराव घरी आले. ओशाळले होते. म्हणाले, वहिनी, सांगा, बंधारा उकलतो. मी नको म्हटलं. चाळीस घरांचं पाणी आहे त्यात. हे असते तर त्यांनीही आधी दगड दिले असते, मग तीन दिवस जेवले नसते. मी जेवते आहे, काळजी नसावी.

मी पाटावरून केवढं बोलले त्यांना. पाटाच्या खाली लाल मुरूम चिकटलेला असायचा. तो मी दर वर्षी त्यांच्यासमोर आदळआपट करत धुवायची.

तुमच्या भावाचं काम मी मोडलं. क्षमा मागायचीही लाज वाटते. जमेल तेवढं मला आपलं माना.
नीलम्मा

*

बिलोली,
ता. २१-३-८३

गं. भा. नीलम्मा हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींनी वाचलं, मला वाचवेना. पहिल्या दिवशी मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी माझाच आला. तीन वर्षं मी तोंड मिटून बसले नि शेवटी पत्ता चुकले. एक तार केली असती, चार माणसं हसली असती.

दाजी दोन्ही दिवस एकच म्हणत होते, की तुम्हा दोघींपेक्षा ईश्वर बेरकी. बायकोपासून लपवायचंच कशाला? तेही खरं आहे. सांगितलं असतं तर तू अर्ध्या झालेल्या पायऱ्यांवरच त्याच्याबरोबर जाऊन बसली असतीस. त्याला पुरंच करून दाखवायचं होतं. आमच्या घराची खोड ती.

सडक कागदावरच आहे असं इकडं आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं. म्हणजे यंदाही जत्रा जुन्या वाटेनंच जाणार आणि वाटेचं काम निघणार. आपल्या घरचं माणूस तीन वर्षांत गेलं नाही. तू जा. गुडघ्याचं कारण मला सांगू नकोस. पाट घेऊन जा.

तुझी,
शांताक्का

*

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
हिप्पळवाडी,
ता. १०-४-८३

ती. शांताक्का यांस,
नीलम्माचा शि. सा. शरणार्थ. वि. वि.

जाऊन आले. एकवीस माणसं होती, बाया आम्ही चौघी. मी बाई म्हणून मला भाकरीला बसवायला निघाले होते. मी म्हटलं, भाकरी करीन, पण आमच्या हिश्श्याचं काम उरकल्यावर.

अण्णारावांचं म्हणणं पडलं की जत्रा तोंडावर आली, उंच पायऱ्या घातल्या तर दगडही कमी लागतील नि तीन दिवसांत चढण पुरी होईल. बरोबरच होतं त्यांचं. मी खाली बसून राहिले. मग मल्लम्मा म्हणाली की उंच पायऱ्यांनी नुसती गडीमाणसं जातील वर, ते देवाला न्हाई पटायचं. सगळे हसले नि टीचभर ठरलं. वरचा भाग जत्रेपुरता उतार काढून सरळ केला.

दगड शोधायला ओढ्यात, बांधाला हिंडलो. पहार मारून खाच करायची, दगड बसवायचा, मागं खडी ठोकायची, मग शेजारी पाट ठेवून बघायचं. जास्त झालं तर दगड काढायचा नि पुन्हा खोदायचं. एका दगडाला चार वेळा. दुपारपर्यंत माझे हात गेले. एवढं सगळं ते एकट्यानं करायचे आणि घरी येऊन माझं बोलणं ऐकायचे. तीन दिवसांत सहा बसल्या. म्हणजे आता सतरा.

शेवटच्या दिवशी चढले. कुणाला धरलं नाही. पाऊल आपोआप उचलत होतं, अक्का. अकरा त्यांच्या आणि सहा आमच्या, पायाला फरक कळला नाही. सतराव्यावर थांबले. तिथून आपलं गाव दिसतं, बंधारा दिसतो. कोरडाच आहे अजून. देऊळ दिसत नाही. त्याला अजून पस्तीस पायऱ्या हव्यात. माझं वय अठ्ठावन्न. मी हिशेब करत बसले नाही, तुम्हीही करू नका.

पुढच्या फाल्गुनात तुम्ही या. बसून खडी फोडाल. दाजींना शरणार्थ सांगा. पत्ता बघून लिहा, आणि मला तुमच्या घरचीच धरा.
तुमची,
नीलम्मा

ता. क. पाट या वेळी धुतला नाही. भाकरी करताना खालचा मुरूम थोडा थोडा गळतो. झाडून घेते.