मारिसेलचं पेन

प्रिय आईस दर्शनाचा नमस्कार.

इथल्या अल बर्शा भागातली खोली छान आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

‘थोडं सोसून घे,’ असं तू फोनवर म्हणालीस. माझी फिलिपिनो रूममेट मारिसेल आयुष्यभर सोसतेय. नवरा दुसरीबरोबर राहतो, तरी तिच्या देशात तिला घटस्फोट मिळत नाही. ती सांगते, फार पूर्वी तिथे बायकांनाही काडीमोड घेता यायचा. मग स्पॅनिश राजवटीने चर्चचे नियम लादले. राजवट गेली, पण ती गाठ काही सुटली नाही.

काल माझ्या घटस्फोटाचे कागद आले. मी रडत बसले, तेव्हा तिनेच पर्समधून पेन काढून दिलं. म्हणाली, ‘यल्ला, चल दर्शना, तुला निदान सही करायला मिळतेय.’

केली गं आई. बाबांना तूच सांग.

तुझी,
दर्शना